मामाचा बारेसी

मामाच्या पत्र्याच्या ट्रंकेत फुटबॉलची पुष्कळ चित्रं होती. पेले, क्रायफ, मॅराडोना, सगळे बॉलसकट. त्यातल्या एका चित्रात मात्र बॉलच नव्हता. लाल-काळ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट, तोही चड्डीबाहेर आलेला, केस विरळ व्हायला लागलेले, उजवा हात सरळ आभाळाकडं गेलेला आणि तोंड उघडं. बाकीचे खेळाडू मागं पुसट.

“ह्यात बॉल कुठं हाय, सांग बघू,” मामा विचारायचा.

मी तेव्हा पाचवीत होते. “दिसत नाही,” म्हणायचे.

“दिसत न्हाई म्हणूनच इचारतोय. ह्याच्या डोळ्यांकडं बघ. कुणाकडं बघतोय? लाइनमनकडं. म्हंजे बॉल आत्ता तिकडच्या गड्याच्या पायातनं सुटलाय. पुढचा गडी ह्याच्या पाठीमागं राहिलाय. आन् ह्यो त्याच्या आधीच दोन पावलं म्होरं आलाय.”

फ्रांको बारेसी हे नाव माझ्या मनात बसलं ते असं.

मामा उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होता. दिवसभर काळी माती साच्यात ठोकायची. संध्याकाळी कितीही साबण लावला तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. फौंड्री सांभाळून तो चौदा वर्षं शाहू स्टेडियमवर बॅक म्हणून खेळला. कोल्हापुरात संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावं परगावच्या माणसाला कुस्तीची वाटतात, आणि मुळात ती तशीच आहेत. तांबड्या मातीतली पोरं मैदानात गेली ती तालमीचं नाव शर्टाबरोबर घेऊनच. मामा कुठल्या तालमीचा ते मी इथं सांगत नाही, कारण पुढं आणखी एका संघाचा विषय येणार आहे आणि ती माणसं अजून पेठेत आहेत.

आजोबा, म्हणजे मामाचे वडील, पैलवान होते. फुटबॉल त्यांना फारसा मानवत नसे, पण बॅकची जागा आवडायची. मामाला त्यांनी शिकवलेली एकच गोष्ट मामा जन्मभर सांगत राहिला. समोरच्याच्या डोळ्यांकडं बघायचं नाही, कमरेकडं बघायचं. डोळे खोटं बोलतात, कंबर बोलत नाही.

इटली आमच्या घरात आली ती रद्दीच्या दुकानातून. मामा तिथून इंग्रजी क्रीडा मासिकांचे जुने अंक किलोवर आणायचा आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचा. त्यातच त्याला ‘कातेनाच्चो’ हा शब्द सापडला. इटलीच्या बचावाला जगानं दिलेलं नाव. अर्थ बघितला तर दाराचा अडसर. त्या दिवशी मामा घरभर सांगत सुटला. आमच्या जुन्या घराच्या दाराला अडसर होताच. सागवानी, दीड हात लांब, तेलाच्या हातांनी काळा पडलेला. एका बाजूच्या भिंतीत खोल खोबण, दुसरीकडं उथळ. तो बसवताना ‘ठक्’ असा आवाज यायचा आणि मग घर रात्रीसाठी बंद.

“इटलीवाले असं खेळत्यात,” मामा तो अडसर बसवून दाखवायचा. दोघातिघांनी समोरचे फॉरवर्ड वाटून घ्यायचे, सावलीसारखं चिकटायचं. त्यांच्या मागं एकजण मोकळा ठेवायचा. तो कुणालाच चिकटलेला नाही. पुढच्यांतला कुणी फसला की हा भरून काढणार. त्याचं नाव लिबेरो, म्हणजे मोकळा माणूस. याच रीतीनं नेरेओ रोक्कोच्या मिलाननं १९६३ साली वेम्बलीवर बेन्फिकाला २-१ नं हरवून युरोपियन कप इटलीत पहिल्यांदा आणला. चेझारे माल्दिनी तेव्हा कप्तान होता. पाठोपाठ १९६४ आणि १९६५ साली हेलेनिओ हेरेराच्या इंटरनं तोच कप जिंकला. एकाच शहरातले दोन संघ, एकच स्टेडियम, दोघांच्याही दाराला अडसर.

मामाला ही सगळी सनावळी पाठ होती. पण बारेसीची गोष्ट सांगायला घेतली की तो हळू बोलायचा.

उत्तर इटलीत लोंबार्डी प्रांतात ब्रेशियाजवळ त्रावाल्यातो नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबात ८ मे १९६० रोजी फ्रांकोचा जन्म झाला. थोरला भाऊ ज्युसेप्पे. दोघंही खेळायचे. थोरल्याला इंटरनं घेतलं. धाकटाही इंटरमध्ये चाचणीला गेला, तर अंगानं फार बारीक म्हणून नको म्हणाले. मग १९७४ साली मिलाननं घेतलं. मिलानमध्ये त्याला ‘पिशिनिन’ म्हणायला लागले. तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ छोटू. आई गेली तेव्हा फ्रांको तेरा वर्षांचा होता. सतराव्या वर्षी वडीलही गेले.

इथं मामा थांबायचा. मिलानच्या सराव-केंद्राला मिलानेल्लो म्हणतात, गावाबाहेर झाडीत आहे, पोरांना राहायची सोय आहे, एवढं सांगून म्हणायचा, “आता त्याला घर म्हंजे तेच.”

२३ एप्रिल १९७८ रोजी व्हेरोनाविरुद्ध तो पहिल्यांदा मिलानच्या मुख्य संघातून खेळला. वय अजून सतराच. प्रशिक्षक निल्स लीडहोल्म. पुढच्याच हंगामात हा पोरगा लिबेरोच्या जागी कायम झाला, आणि जानी रिव्हेराच्या शेवटच्या वर्षात मिलाननं लीगचं दहावं विजेतेपद मिळवलं. सुरुवातीला त्याला ‘बारेसी दोन’ म्हणत, कारण एक नंबरचा बारेसी इंटरमध्ये होता. काही वर्षांत हे उलटलं. थोरल्याची ओळख ‘दुसरा बारेसी’ अशी झाली. पुढं दोघं आपापल्या संघाचे कप्तान झाले आणि मिलान-इंटरच्या सामन्यात नाणेफेकीला भाऊ-भाऊ समोरासमोर उभे राहायचे. मामी याच गोष्टीला दरवेळी विचारायची, “आणि घरी गेल्यावर?” मामाला ते ठाऊक नव्हतं.

१९८० साली इटलीत सट्ट्याचं मोठं प्रकरण झालं. सामन्यांच्या निकालांवर पैसे लावले गेले, खेळाडू आणि पदाधिकारी अडकले. शिक्षा म्हणून मिलान आणि लाझिओला खालच्या श्रेणीत, सेरी बी मध्ये, ढकललं. ज्या संघानं वर्षापूर्वी दहावं विजेतेपद साजरं केलं तो आता लहान गावांच्या मैदानांवर जाऊन खेळायला लागला. मिलान एका वर्षात वर आला आणि १९८२ साली पुन्हा खाली गेला. या खेपेला सट्टा नव्हता, सरळ हरून गेला. शेवटच्या दिवशी सेसेनाच्या मैदानावर ३-२ नं जिंकला, पण नेपल्समध्ये जेनोआनं बरोबरी साधली आणि मिलानला तो विजय पुरला नाही.

त्याच उन्हाळ्यात स्पेनमध्ये वर्ल्ड कप होता. बावीस जणांत बारेसी होता. एक मिनिटही खेळला नाही. त्याच्या जागेवर गाएतानो शिरेआ होता, युव्हेंतसचा, आणि शिरेआला बाजूला सारायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. ११ जुलै १९८२ रोजी माद्रिदमध्ये इटली जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात मिलानचा फुल्व्हिओ कोलोव्हाती खेळला होता. तो त्याच उन्हाळ्यात मिलान सोडून इंटरमध्ये गेला. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. जगज्जेत्या बॅकनं खालच्या श्रेणीत का खेळावं? पण बारेसी गेला नाही. बावीस वर्षांचा हा मुलगा वर्ल्ड कपचं पदक घेऊन परत आला, मिलानचा कप्तान झाला, आणि सेरी बी खेळायला गेला.

हे सांगताना मामा का थबकायचा ते मला फार उशिरा, मामीकडून कळलं. सत्तरच्या दशकात एका दुसऱ्या पेठेतल्या संघानं मामाला बोलावलं होतं. बरोबर नोकरी होती. आठ तासांची, फंड कापला जाणारी, म्हातारपणी पेन्शन देणारी. फौंड्रीतली माती नव्हे, टेबल-खुर्ची. मामानं दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. मामी हे सांगताना भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. “रागावले नव्हते मी. पण विचारलं होतं, का. तर म्हणाले, दार उघडं टाकून कसं जायचं?” भाकरी तव्यावर पडली. विषय तिथंच संपला. त्या नकाराची किंमत मामीनं तीस वर्षं भरली आणि मामानंही. एकनिष्ठेच्या गोष्टी सांगताना ही बाजू लिहायची राहून जाते, म्हणून लिहिली.

आता खऱ्या गोष्टीकडं येते.

१९८६ साली सिल्व्हिओ बर्लुस्कोनीनं मिलान विकत घेतला. पुढच्या वर्षी त्यानं प्रशिक्षक म्हणून आरिगो साकीला आणलं. साकी कधीच व्यावसायिक फुटबॉल खेळला नव्हता. वडिलांच्या बुटांच्या धंद्यात काम करत करत तो प्रशिक्षक झाला. त्याच्या पार्मानं इटालियन कपात मिलानला हरवलं, तेव्हा तो बर्लुस्कोनीच्या डोळ्यांत भरला. या माणसानं मिलानच्या बचावाचा पायाच काढून टाकला. गड्यामागं गडी नाही. मागं मोकळा माणूस नाही. चौघांनी एका रेषेत उभं राहायचं, बॉल सरकेल तसं चौघांनी सरकायचं, आणि मागं हटण्याऐवजी पुढं यायचं, म्हणजे बॉल सुटताना पाठीमागं राहिलेला फॉरवर्ड ऑफसाइड, त्याचा खेळ बाद. सगळ्यांत मागचा आणि सगळ्यांत पुढचा खेळाडू यांच्यात पंचवीस-एक मीटरपेक्षा जास्त अंतर नको. बॉलशिवाय सराव व्हायचा. अकरा माणसं मैदानात, बॉल साकीच्या तोंडी. तो ओरडून सांगणार बॉल कुठं आहे, आणि सगळी रांग तिकडं वळणार.

उजवीकडं मावरो तास्सोत्ती, डावीकडं चेझारेचा मुलगा पावलो माल्दिनी, मध्ये बारेसीशेजारी अलेस्सांद्रो कोस्ताकुर्ता किंवा फिलिप्पो गाल्ली. ही रांग कधी पुढं जायची, कधी थांबायची, ते बारेसी ठरवायचा. पाच फूट नऊ इंचांचा माणूस. उंच नाही, धिप्पाड नाही. पण बॉल मारणाऱ्याच्या पायाचा कोन बदलायच्या आत त्याला कळायचं.

साकी नंतर एक गोष्ट सांगायचा. मिलानचे फॉरवर्ड गुलिट आणि व्हॅन बास्टेन यांना ही शिस्तीची कटकट पटत नव्हती. तेव्हा त्यानं पैज लावली. गोलकीपर जोव्हान्नी गाल्ली आणि पुढं हे चार बॅक, असे पाच एका बाजूला. समोर गुलिट, व्हॅन बास्टेन, रायकार्ड, आन्चेलोत्ती धरून दहा जण. पंधरा मिनिटांत गोल करून दाखवा. अट एकच, बॉल गेला की पुन्हा मागून सुरुवात. दहा जणांना एकदाही गोल करता आला नाही.

मामाला हे आधी अजिबात पटलं नव्हतं. त्याच्या धर्मात गडी सोडणं हे पाप होतं. चौदा वर्षं तो समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवून जगला होता. आणि हा माणूस गड्याला पाठीमागं मोकळा सोडून पुढं पळतो, हात वर करतो आणि पंचाच्या शिट्टीवर भरवसा ठेवतो? मामा म्हणायचा, “ह्यो बचाव न्हाई, फिर्याद हाय.”

मग एकदा ओळखीच्या एका गोवेकर दर्यावर्दीनं बोटीवरून कॅसेट आणली. २४ मे १९८९, बार्सिलोना, युरोपियन कपचा अंतिम सामना, मिलान आणि बुखारेस्टचा स्तेआउआ. एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्यानं आणला. मिलान ४-० नं जिंकला. गुलिटचे दोन, व्हॅन बास्टेनचे दोन. कट्ट्यावरची सगळी पोरं ते गोल पुन्हा पुन्हा बघत होती. ती गेल्यावर मामानं कॅसेट मागं घेतली आणि गोल सोडून बाकीचं बघायला बसला. मीही जागी होते. स्तेआउआच्या हाजीनं मान वर केली की मामा चित्र थांबवायचा. थांबलेल्या चित्रात पांढऱ्या रेघा नाचायच्या, आणि त्यांतून चार पांढरे शर्ट एका सुतात दिसायचे.

मामा उठून स्वयंपाकघरात गेला. चार वाट्या घेऊन आला. जमिनीवर ओळीनं मांडल्या. समोर दोन पेले, फॉरवर्ड म्हणून. वाट्या एकेक करून पुढं सरकवायला लागला तर एक पुढं जायची, एक मागं राहायची, आणि पेला त्या फटीतून सरळ आत. दोन-तीनदा असं झाल्यावर तो दाराशी गेला, अडसर खोल खोबणीत ढकलून तिरका करून बाहेर काढला, तो चारही वाट्यांच्या मागं धरला आणि एकदम पुढं रेटला. पितळेचा खळ्‌कन आवाज झाला. चारही वाट्या पुढं गेल्या. पेले वाट्यांच्या मागं राहिले.

आवाजानं आजोबा उठून आले. जमिनीवर वाट्या, हातात दाराचा अडसर, दार उघडं, रात्रीचे दोन. मला वाटलं आता शिव्या बसणार. मामानं त्यांना वाट्या पुन्हा मांडून दाखवलं. आजोबा बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, “म्हंजे समोरच्याचा आखाडा निम्मा केला. हात टाकायला जागाच न्हाई ठेवली तर पट कसा काढंल?”

फुटबॉलच्या त्या बदलावर मी पुढं पुष्कळ वाचलं, पण आजोबांच्या त्या वाक्याहून नेमकं काही वाचल्याचं आठवत नाही. अडसर दारात राहिला तर घर राखतो. बारेसीनं तो दारातून काढून अंगणात नेला आणि तिथंच माणसं अडवली. त्यासाठी मागं घर उघडं टाकायची छाती लागते, आणि शेजारचे तिघं त्याच क्षणी पुढं येतील हा विश्वास. एकजण जरी मागं राहिला तरी सगळं फुकट. १९९० साली नियमही बदलला; फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असला तरी ऑफसाइड नाही असं ठरलं. तरीही ती रांग पुढं येतच राहिली. मे १९९१ पासून मिलान लीगमध्ये ५८ सामने हरला नाही. मार्च १९९३ मध्ये पार्माच्या आस्प्रियाच्या फ्रीकिकनं ती माळ तुटली. १९९३-९४ च्या हंगामात ३४ सामन्यांत त्यांच्यावर फक्त १५ गोल झाले. स्वतः मिलाननं केले ते जेमतेम ३६, आणि तेवढ्यावर विजेतेपद.

मामानं त्या रात्रीनंतर ‘फिर्याद’ हा शब्द परत काढला नाही. ते बिनबॉलचं चित्र ट्रंकेत आलं ते त्यानंतरच.

१९९० चा वर्ल्ड कप इटलीतच होता आणि दूरदर्शनवर दिसला. तिथं बारेसी जुन्या रीतीनं, लिबेरो म्हणूनच खेळला. उपांत्य सामना नेपल्सला, मॅराडोनाच्या गावात, अर्जेंटिनाशी झाला. १-१, आणि पेनल्टींवर इटली बाहेर. बारेसीची पेनल्टी आत गेली होती. आमच्या पेठेत त्या रात्री अर्जेंटिनावाले फटाके उडवत होते. मामा काही न बोलता झोपला.

१९९४ बद्दल मला सगळं सांगायचं आहे.

त्या मे महिन्यात मिलाननं अथेन्समध्ये बार्सिलोनाला ४-० नं झोपवून युरोपचा कप जिंकला, पण बारेसी त्या रात्री खेळला नाही. कार्डांमुळं त्याच्यावर आणि कोस्ताकुर्तावर बंदी होती. महिन्याभरात अमेरिकेत वर्ल्ड कप. साकी आता इटलीचा प्रशिक्षक, बारेसी कप्तान, वय चौतीस. पहिल्याच सामन्यात आयर्लंडकडून हार. दुसरा सामना २३ जूनला नॉर्वेशी. गोलकीपर पाल्युकाला लाल कार्ड, इटली दहा जणांत, आणि मध्यंतरानंतर लगेच बारेसीचा उजवा गुडघा गेला. इटली तो सामना १-० नं जिंकली. बारेसीच्या गुडघ्यातली गादी फाटली होती. न्यूयॉर्कमध्ये दुर्बिणीनं शस्त्रक्रिया झाली.

वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी होती. मामानं ती कापून ठेवली. गुडघ्यातली गादी म्हणजे काय ते त्याला वेगळं सांगायला नको होतं. त्याचा स्वतःचा फुटबॉल त्याच गादीनं संपवला होता, आणि तेव्हा दुर्बीण वगैरे काही नव्हतं. हळदीचा लेप, पट्टी, आणि तिसऱ्या दिवशी भट्टीपुढं उभं राहणं. “संपला त्येचा वर्ल्ड कप,” मामा म्हणाला. “संपला. वय काय हाय!”

इटली धडपडत, फॉरवर्ड बॅज्जोच्या गोलांवर, अंतिम फेरीत गेली. पण बचाव फाटलेला होता. तास्सोत्तीवर कोपर मारल्याबद्दल आठ सामन्यांची बंदी. कोस्ताकुर्ता कार्डांमुळं बाहेर. आणि समोर ब्राझील, रोमारिओ आणि बेबेतो.

आपल्याकडं १८ जुलैची पहाट, रात्री एकला सामना सुरू. आमच्या घरात तीस-एक माणसं. उरलेली खिडकीत. सगळे ब्राझीलचे, कोल्हापूर ब्राझीलचंच आहे, म्हातारी माणसंसुद्धा. एकटा मामा इटलीचा. पासाडेनात भर दुपारचं ऊन, चौऱ्याण्णव हजार माणसं. दोन्ही संघ बोगद्यातून बाहेर आले आणि इटलीच्या रांगेत सगळ्यांत पुढं सहा नंबर. मामा उभा राहिला. काही बोलला नाही. बोटांवर मोजायला लागला. दुखापतीचा दिवस धरला तर पंचविसावा दिवस.

त्या सामन्याला कंटाळवाणा म्हणतात. गोल झाला नाही म्हणून म्हणतात. मी एकशेवीस मिनिटं मामाशेजारी बसून एकाच माणसाकडं बघितलं, आणि माझ्या आयुष्यात मी दुसरा असा सामना बघितलेला नाही. रोमारिओच्या पायात बॉल यायचा तेव्हा बारेसी तिथं आधीच असायचा. धावून आलेला नसायचा, आलेला असायचा. बेबेतो आत वळायचा, तर एक पाय मध्ये यायचा आणि बॉल निघून जायचा, बेबेतो तसाच पुढं दोन पावलं मोकळा धावायचा. शेजारी माल्दिनी, बाकीचे बदललेले. मूस्सी अर्ध्या तासानंतर जखमी होऊन गेला, आपोल्लोनी आला, रांग पुन्हा मांडली गेली. बारेसी हातानं दाखवत होता, पुढं या, इकडं, थांब. ब्राझीलचीच पोरं आमच्या खोलीत हळूहळू गप्प होत गेली. कुणीतरी खिडकीतून म्हणालं, “काय बॅक हाय रे!” मामानं वळूनही बघितलं नाही.

जादा वेळ संपत आला तेव्हा बारेसीच्या पायात गोळे येत होते. मामाचा हात स्वतःच्या गुडघ्यावर होता.

०-०. पेनल्टी. इटलीची पहिली किक घ्यायला सहा नंबर निघाला.

“त्यो कशाला?” मामा पुटपुटला. “त्याला कशाला लावताय?” मग स्वतःच म्हणाला, “कप्तान हाय. दुसऱ्याला कसा लावंल?”

बॉल बारवरून वर गेला. बारेसी कोसळला. मामा तसाच, हात गुडघ्यावर. पाल्युकानं ब्राझीलच्या मार्सिओ सांतोसची किक अडवली तेव्हा जिवात जीव आला, पण इटलीच्या मासारोची तफारेलनं अडवली, आणि शेवटी बॅज्जोची बारवरून गेली. घरात पत्रा उडेल इतका जल्लोष. ब्राझील ३-२. पडद्यावर बॅज्जो कमरेवर हात ठेवून खाली मान घालून उभा होता. जगानं तेच चित्र लक्षात ठेवलं. थोड्या वेळानं पडद्याच्या एका कडेला बारेसी दिसला. साकीच्या मिठीत, हमसून रडत होता. चौतीस वर्षांचा माणूस, लहान पोरासारखा.

लोक गेले. पावणेचार-चार वाजले असतील. मामी उठून चुलीशी लागली, कारण मामाला सातला फौंड्रीत जायचं होतं. मामा उंबऱ्यावर बसला होता. मला काहीतरी बोलावंसं वाटलं म्हणून म्हणाले, “मामा, त्यानं पेनल्टी घालवायला नको होती.”

मामा माझ्याकडं बघत राहिला. “तू सामना बघितलास का पेनल्टी बघितलीस?” म्हणाला. आवाज चढला नव्हता. मला माझ्या त्या बोलण्याची आजही लाज वाटते.

१९९७ साली बारेसी थांबला. मिलानसाठी ७१९ सामने, सहा विजेतेपदं, तीन युरोपियन कप, सगळं एकाच शर्टात. मिलाननं सहा नंबर पुन्हा कुणाला दिला नाही. मामानं ते कात्रण ट्रंकेत टाकलं, आणि नंतर ट्रंकेत फारसं काही नवीन गेलं नाही.

जुनं घर पडलं, तिथं इमारत झाली. मामा दुसऱ्या मजल्यावर. सत्तरी उलटल्यावर त्याच उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यानं भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीनं रोज एक बारीक रेघ मारायला सुरुवात केली. मामीला वाटलं औषधांचा हिशोब. मी पुण्याहून गेले तेव्हा रेघा बघितल्या आणि मोजल्या. चोवीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चहा घेतला आणि वॉकर घेऊन उठला. “आज जरा गॅलरीपर्यंत,” म्हणाला. मामी पाठीमागून हात धरायला लागली, तर नको म्हणाला. सोळा-सतरा पावलं असतील. गॅलरीत एका कोपऱ्यात तो सागवानी अडसर उभा करून ठेवलेला आहे, जुन्या घराचं तेवढंच आणलं. मामानं कठड्याला धरून खाली बघितलं.

खाली मोकळ्या जागेत पोरं खेळत होती. विटांचे गोल, अंगावर रंगीबेरंगी शर्ट, पाठीवर परदेशी नावं. एका बाजूची चार पोरं अगदी गोलला चिकटून उभी होती आणि समोरचे मोकळ्या मैदानात नाचत होते.

मामा थोडा वेळ बघत राहिला. त्याला राहवलं नाही.

“ए पोरांनो! म्होरं या! चौघंबी म्होरं या!”

पोरांनी वर बघितलं. कोण म्हातारा ओरडतोय ते त्यांना कळेना. त्यातला एक, लाल बनियनवाला, अंदाजानं दोन पावलं पुढं आला.

“तू एकटा नगं!” मामा कठड्यावर वाकून ओरडला. “सगळी! सगळी एकदम!”